पुढच्या शॉकअपवर किती माणूस बसतो?

स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीच्या मागच्या शॉकअपला तळाशी पायऱ्या कापलेली एक कडी असते. टूलकिटमधला अर्धगोल पाना तिच्या खाचेत अडकवून जोर लावला की कडी एक पायरी चढते. अशा पाच पायऱ्या. मागे गॅसचा सिलिंडर बांधायचा असो की मामांना स्टँडवरून घरी आणायचे असो, पायरी चढवावी आणि निघावे. मग पायरी चढवणारा हाच माणूस गाडीच्या पुढे येतो, हेडलाइटच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या नळ्या वरपासून खालपर्यंत निरखतो, आणि त्याला फिरवायला काहीच सापडत नाही. वर एक टोपण, खाली चाकाचा ॲक्सल, मध्ये धूळ अडवणारे रबर. मागे पाच पायऱ्या आणि पुढे एकही नाही!

ही कंपनीची कंजुषी आहेच, पण निव्वळ कंजुषी नाही. वजन वाढते तेव्हा ते बहुतेक मागे वाढते. दुसरा माणूस, पिशव्या, सिलिंडर सगळे मागच्या चाकाच्या आसपास. स्वार स्वतःसुद्धा गाडीच्या मध्यापेक्षा मागेच बसलेला असतो. ताठ बसून चालवायच्या गाडीवर त्याच्या वजनाचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पुढच्या चाकावर येतो, बाकीचे मागे. म्हणजे ९० किलोचा माणूस पुढच्या शॉकअपच्या लेखी ३० किलोचा.

तरीही वजनदार माणसाची तक्रार खोटी नसते. ब्रेक दाबला की पुढचा भाग बदकन खाली जातो, खड्ड्यात ‘खाट्’ असा धातूचा आवाज येतो, घाटातल्या उतारावर हँडल हलके आणि चंचल लागते. ३० किलोंनी एवढे कसे होते, हे समजायला नळ्यांच्या आत डोकवावे लागेल.

आत फारसे काही नाही. क्रोमची बारीक नळी वर ‘टी’मध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, घट्ट धरलेली असते, आणि ती ॲक्सल धरणाऱ्या खालच्या जाड नळीत सरकते. नळ्यांच्या या जोडीला फोर्क म्हणतात. उलट्या फोर्कमध्ये, ज्याला सगळे यूएसडी म्हणतात, जाड नळी वर आणि बारीक खाली, एवढाच फरक. प्रत्येक नळीत एक लांब स्प्रिंग, थोडे तेल, आणि उरलेल्या जागेत हवा. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीला अशा नळ्या आणि धक्का जिरवायला तेल दिले. विक्रीला आलेल्या गाड्यांत हा प्रकार तिथून सुरू झाला. डेन्मार्कच्या निंबसने आदल्या वर्षीच नळ्या बसवल्या होत्या, पण त्यांत तेलाचे डॅम्पिंग नव्हते. त्याआधीच्या गर्डर फोर्कमध्ये धक्का जिरवायचे काम एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या करत, आणि कित्येक गाड्यांवर त्या किती आवळायच्या हे स्वार हाताने एक चक्री फिरवून ठरवी. तेल आले, नळ्या बंद झाल्या, आणि साध्या गाडीच्या स्वाराच्या हातातून तेवढाही अधिकार गेला.

स्प्रिंग, तेल आणि हवा. या तिघांची कामे वेगळी आहेत, आणि आपल्याकडच्या गॅरेजात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच. ‘पुढचे शॉकअप मऊ पडलेत’ असे सांगितले की मिस्त्री बहुधा म्हणतो, “दादा, ऑइल जाड टाकतो, एकदम कडक होतील.” कधी तर थेट २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच ओततात. गाडी हातात येते, हँडल दाबून पाहिले तर खरेच कडक लागते, आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतो.

पण तेल वजन पेलत नाही. तेल फक्त हालचालीला विरोध करते. नळी जितक्या वेगाने सरकेल तितका विरोध, आणि सरकणे थांबले की विरोध शून्य. जाड तेलाच्या गाडीवर तुम्ही बसलात तर ती किंचित सावकाश खाली जाईल, पण जाईल तिथेच, जिथे पातळ तेलाची गेली असती. वजन स्प्रिंगच धरते (आणि शेवटी शेवटी हवा, तिच्याकडे नंतर येऊ). हँडल दाबून पाहणे ही हालचालीची परीक्षा आहे. त्यात जाड तेल हमखास पास होते, म्हणूनच ही फसवणूक टिकून आहे. मिस्त्री मुद्दाम फसवत नाही, त्यालाही तसेच वाटत असते.

जाड तेलाची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. साध्या फोर्कमध्ये तेल एका दांड्याच्या ठरावीक भोकांतून ये-जा करते. भोकांतून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो: वेग दुप्पट तर विरोध चौपट. त्यामुळे ब्रेकखाली होणारे सावकाश बसणे जाड तेलाने फार आवरत नाही, पण धारदार खड्ड्याचा धक्का मात्र सरळ मनगटात येतो. शिवाय दबलेला फोर्क परत वर येतानाही तेच तेल आडवे येते. टोलनाक्याआधी रस्त्यावर ओळीने रंबल पट्ट्या असतात ना, तिथे पहिल्या पट्टीने दबलेला फोर्क पूर्ण वर यायच्या आत दुसरी पट्टी येते, मग तिसरी. प्रत्येक पट्टीला फोर्क आधीपेक्षा थोडा खालूनच सुरुवात करतो, आणि सातव्या-आठव्या पट्टीपर्यंत सगळी ट्रॅव्हल, म्हणजे फोर्कला दबायला असलेली जागा, संपलेली असते. मऊ म्हणून जाड तेल टाकले, आणि गाडी आणखी खाली बसून चालू लागली.

तेलाविषयी आणखी एक. डब्यावर लिहिलेला १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. एकाचे १०डब्ल्यू दुसऱ्याच्या १५डब्ल्यूच्या जवळ भरू शकते. ४० अंशाला सेंटिस्टोक्समध्ये दिलेला आकडा खरा, तो माहितीपत्रकात शोधावा. आणि कित्येक गाड्यांना जाड-पातळ काहीच लागत नसते, नवे तेल तेवढे लागते. वर्षानुवर्षे न बदललेले फोर्क ऑइल काढले की राखाडी पाण्यासारखे निघते.

महाग गाड्यांवर नळीच्या टोकाला बटणे असतात, ती पाहून पुष्कळांना वाटते की प्रश्न मिटला. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या फोर्कवर एका नळीला कॉम्प्रेशनचे (दबतानाचे) आणि दुसरीला रिबाउंडचे (परत वर येतानाचे) बटण आले. दोन्ही तेलाची बटणे. स्वाराचे वजन किती, हा प्रश्न त्या बटणांना विचारून उपयोग नाही. स्प्रिंगपर्यंत पोचणारा प्रीलोडचा नट (प्रीलोडकडे पुढे येऊ) हायाबुसासारख्या मोठ्या गाड्यांच्या टोपणावर सापडतो. बाकी आपण सगळे स्प्लेंडरवाल्याच्याच रांगेत.

आता हिशेब करू. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेऊ: वजन १९५ किलो, पुढची ट्रॅव्हल १३० मिलिमीटर. पुढचे आकडे मी सोयीसाठी धरतो आहे, कंपनीचे नव्हेत. समजा एकेक स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला ०.७ किलो मागते, म्हणजे दोन्ही मिळून १.४ किलो. समजा नुसती गाडी उभी असताना फोर्क २८ मिलिमीटर बसतो. ६० किलोचा स्वार आला, त्याचे २० किलो पुढे आले. फोर्क तिरपा असल्याने त्यातले १८ नळीच्या दिशेने लागले, आणि गाडी आणखी १३ मिलिमीटर बसली. एकूण ४१. त्याच्या जागी ९५ किलोचा स्वार बसला तर एकूण ४९. या बसण्याला सॅग म्हणतात. नुसत्या गाडीचा तो फ्री सॅग, स्वारासकटचा तो रायडर सॅग.

३५ किलोंचा फरक आणि परिणाम आठ मिलिमीटरचा. एवढ्यासाठी प्रकरण लिहायचे काय, असे कुणी विचारेल. ब्रेक लावून पाहू.

गाडी आणि स्वार मिळून पुढे झेपावू पाहतात आणि टायर रस्त्याला धरून ठेवतो, म्हणून वजन मागच्या चाकावरून पुढच्यावर सरकते. किती सरकते ते तीन गोष्टींवर ठरते: एकूण वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधले अंतर. उंची ६५ सेंटिमीटर आणि अंतर १४० धरले, आणि ब्रेक गुरुत्वाच्या निम्म्या बळाचा, म्हणजे रोजच्या वापरातला जरा जोराचा धरला, तर ६० किलोच्या स्वारासह ५९ किलो पुढे येतात, ९५ किलोच्या स्वारासह ६७. नुसता ब्रेक पुढे आणतो ते वजन स्वाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या दुप्पट ते तिप्पट! आणि एवढ्याने संपत नाही. फोर्क मागे झुकलेला असल्याने रस्ता चाकाला मागे ढकलतो त्याचाही एक भाग नळी दाबण्यात जातो. सगळे धरले (पुढचा ब्रेक सत्तर टक्के काम करतो असे मानून) तर हलक्या स्वाराचा फोर्क ब्रेकखाली आणखी ६६ मिलिमीटर बसतो, जड स्वाराचा ७५.

आता शिल्लक काढा. हलक्याची ट्रॅव्हल १३०, त्यातून ४१ आणि ६६ गेले, उरले २३ मिलिमीटर. जड स्वाराचे ४९ आणि ७५ गेले, उरले सहा. बंद हवेची मदत असते, म्हणून प्रत्यक्षात दोघांकडेही थोडे जास्त उरते. पण ब्रेक दाबलेला असताना पुढे खड्डा आला तर एकाकडे दोन बोटे जागा आहे आणि दुसऱ्याकडे करंगळीही मावत नाही. ‘खाट्’ हा आवाज त्या सहा मिलिमीटरांचा. उभ्या गाडीवरचा आठ मिलिमीटरचा फरक ब्रेकखाली सतराचा झाला, कारण जड माणूस गाडीला दोनदा खाली बसवतो, एकदा बसताना आणि एकदा थांबताना. पुढचे सस्पेन्शन स्वाराच्या वजनाला जुळवायचे म्हणजे खरे तर त्याच्या ब्रेकला जुळवायचे.

फोर्क बसला की गाडीचे वागणेही बदलते. पुढचा भाग खाली गेला की स्टिअरिंगचा तिरपा कोन उभा होतो, गाडी वळायला चपळ होते आणि सरळ रेषेत जरा अस्थिर. १४० सेंटिमीटरच्या गाडीत पुढची बाजू २५ मिलिमीटर खाली जाणे म्हणजे साधारण एक अंश. आठ मिलिमीटर म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा. हे अंतर सगळ्यांना जाणवते असे मी म्हणणार नाही, पण घाटात रोज जाणाऱ्याला जाणवते.

मग सॅग किती हवा? रस्त्यावरच्या गाडीला स्वारासह पुढच्या ट्रॅव्हलच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणून मिलिमीटरचा आकडा एका गाडीवरून दुसरीवर उचलून लावायचा नसतो. इंटरसेप्टर ६५०ची पुढची ट्रॅव्हल ११० मिलिमीटर, तिथे ३५ हा वरच्या टोकाचा सॅग. जुन्या ४११ सीसी हिमालयनची २०० मिलिमीटर, तिथे ६०-६५ बसली तरी चिंता नाही. उलट तिथे ३५ ठेवलात तर चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा कमी राहील. सॅगचा हा दुसरा उपयोग लोक विसरतात. चाक फक्त उंचवट्यावर वर जात नाही, खड्ड्यात खालीही उतरावे लागते, आणि जेवढी गाडी बसली आहे तेवढेच ते खाली उतरू शकते.

मोजायला तीन माणसे, एक टेप आणि वही लागते. स्वाराने रोजचे सगळे अंगावर घालून यावे: हेल्मेट, जॅकेट, बूट, पाठीवरची बॅग. टाकी निदान निम्मी भरलेली असावी. १३ लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ दहा किलो. गाडी डबल स्टँडवर लावून मागच्या सीटवर एकाने भार दिला की पुढचे चाक अधांतरी होते. डबल स्टँड नसेल तर इंजिनाखाली जॅक. फोर्क पूर्ण लांबला की खालच्या ‘टी’च्या तळापासून धुळीच्या रबरापर्यंत उघड्या क्रोमची लांबी मोजा. समजा १५२ भरली.

आता गाडी जमिनीवर, स्वार वर, दोन्ही पाय फुटरेस्टवर, एक जण मागून गाडी सरळ धरून. पुढचा ब्रेक सोडलेला असू द्या, नाहीतर माप खोटे येते. दुसऱ्याने हँडल हलके खाली दाबून अगदी सावकाश सोडायचे, जिथे थांबेल तिथे मोजायचे. समजा १०८. मग हँडल थोडे वर उचलून तसेच सावकाश सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. समजा ११८. दोन्ही वेळा माणूस तोच, गाडी तीच, तरी दहा मिलिमीटरचा फरक का? तर नळ्या, बुश आणि ऑइल सील यांचे घर्षण. खालून वर येताना ते अडवते, वरून खाली जाताना तेच. दोन्हींच्या मध्ये, ११३ला, घर्षण नसते तर गाडी जिथे थांबली असती ती जागा. १५२ वजा ११३, म्हणजे सॅग ३९.

हे मधले माप न घेता एकदाच मोजून मोकळे होणारे पुष्कळ असतात, आणि मग एकाच गाडीचे दोन दिवशी दोन आकडे येतात म्हणून हैराण होतात. तो दहाचा फरक स्वतःच एक बातमी आहे. तो पंधराच्या वर गेला तर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवावा. नळी वाकली असेल, बुश झिजले असतील, किंवा ॲक्सल आवळताना दोन्ही नळ्या समांतर न राहता एकमेकींना चिमटत असतील. शेवटचे कारण फार आढळते आणि उपाय फुकट आहे: ॲक्सलची पकड सैल करायची, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबायचा, नळ्या आपली जागा घेतात, मग आवळायचे. पंक्चर काढल्यावर पुढचे शॉकअप अचानक कडक वाटू लागले अशी तक्रार असेल तर आधी हे करून पाहावे.

जाता जाता क्रोमच्या नळीवर प्लॅस्टिकची एक केबल टाय सैलसर आवळून रबरापर्यंत खाली सरकवून ठेवा. दिवसभर फिरून या. फोर्क जिथपर्यंत दबला तिथवर ती ढकलली गेलेली असेल. ती नेहमी अगदी टोकाशी सापडत असेल तर खाली वर्णन केलेले उपाय तुमच्यासाठी आहेत.

पहिला उपाय प्रीलोड. नळीच्या टोपणाखाली, स्प्रिंगच्या डोक्यावर बहुतेक गाड्यांत एक तुकडा असतो, धातूचा किंवा प्लॅस्टिकचा पाइप. त्याला स्पेसर म्हणतात. तो लांब केला की टोपण बसवताना स्प्रिंग आधीच थोडी जास्त दाबली जाते. आपल्या हिशेबातल्या ९५ किलोच्या स्वाराने नऊ मिलिमीटर लांब स्पेसर घातला की सॅग ४९ वरून ४० वर आला. ब्रेकखालची शिल्लक सहावरून पंधरा.

इथे एक समज पक्का करून घ्यावा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. रद्दीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्याचा शून्य सरकवला तर सगळी मापे सरकतात, पण दोन किलोंच्या खुणांमधले अंतर तेवढेच राहते. प्रीलोड म्हणजे हे शून्य सरकवणे. रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून सांगितलेला नियम तोच: स्प्रिंग किती दबली यावर बळ ठरते, आणि एका मिलिमीटरला किती बळ हे स्प्रिंगचे स्वतःचे. म्हणून प्रीलोडने गाडी उंच उभी राहील, पण ब्रेकखाली ती तेवढेच अंतर, ७५ मिलिमीटर, बसेल. फक्त वरून सुरुवात करेल.

काम गॅरेजात सोपे आहे, पण टोपणाखाली दाबलेली स्प्रिंग आहे हे विसरू नये. पुढचे चाक आधी अधांतरी करून गाडी पक्की टेकवावी, नाहीतर टोपण निघताच गाडी खाली बसते. वरच्या ‘टी’चा बोल्ट सैल करावा, कारण तो टोपणाचे आटे आवळून धरतो. मग टोपण हाताने खाली दाबत फिरवावे आणि तोंड त्याच्या वर ठेवू नये. स्पेसर पीव्हीसी पाइपचा कापता येतो, जाड भिंतीचा घ्यावा, दोन्ही टोके काटकोनात आणि गुळगुळीत हवीत, वर-खाली धातूचे वायसर. दोन्ही नळ्यांत एकच माप. आणि एका दमात पंचवीस-तीस मिलिमीटर घालू नयेत. जास्त प्रीलोड झाला की फोर्क मोकळा लांबताना वरच्या टोकाला ठोके मारू लागतो, आणि स्प्रिंगच्या कड्या एकमेकींना चिकटून ती पूर्ण दबण्याआधीच अडण्याचा धोका असतो.

दुसरा उपाय स्प्रिंगच बदलणे. माझे मत असे की ९० किलोच्या वर वजन असलेल्या आणि घाटात जोरात ब्रेक मारणाऱ्या माणसाने खर्च करायचा असेल तर तो इथे करावा, तेलाच्या बटणांवर नव्हे. आपल्या उदाहरणात दहा टक्के कडक स्प्रिंग घातली आणि स्पेसर जुळवून सॅग ४० वरच ठेवला, तर ब्रेकखाली फोर्क ७५ ऐवजी ६८ मिलिमीटर बसतो. शिल्लक २२. हलक्या स्वाराची होती २३. दोघेही एकाच गाडीवर बसल्यासारखे झाले.

स्प्रिंग बदलायची वेळ आली की नाही, हे दोन सॅग शेजारी ठेवले की कळते. स्वारासह सॅग बरोबर आणला, पण नुसती गाडी उभी केली तर ती जेमतेम पाच-सात मिलिमीटर बसते, याचा अर्थ स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने तिला कसेबसे उभे केले आहे. उलट स्वारासह बरोबर असताना नुसती गाडीच पस्तीस बसत असेल तर स्प्रिंग कडक.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ४ मिलिमीटरची तार ४.२ केली, डोळ्यांना कळणारही नाही, की स्प्रिंग सुमारे २२ टक्क्यांनी कडक. म्हणून ‘सारखीच दिसते’ म्हणून दुसऱ्या गाडीची स्प्रिंग घालणे हा जुगार आहे. कड्या कमी केल्या तरी स्प्रिंग कडक होते. दर दहा कामाच्या कड्यांमागे एक कापली तर सुमारे ११ टक्क्यांनी. कापलेल्या लांबीएवढा स्पेसर द्यावा लागतो. जुने कारागीर हे करत आणि चांगले करत, पण कापलेले टोक तापवून बंद करून सपाट घासलेले हवे, आणि तापवताना बाकीच्या स्प्रिंगचा गुण जाता कामा नये. नुसती ग्राइंडरने कापून उघड्या टोकानिशी घातलेली स्प्रिंग एका बाजूला रेटत राहते आणि नळी आतून खरवडते.

राहिली हवा. तेलाच्या वर जी मोकळी जागा असते तिच्यातली हवा फोर्क दबताना आकसते आणि स्प्रिंगसारखी उलट ढकलते. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या काठापासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. ते १३० मिलिमीटर असेल आणि ट्रॅव्हलही १३०, तर पूर्ण दबताना हवा ढोबळमानाने निम्म्या जागेत कोंबली जाते, दाब दुप्पट. तेलाची पातळी वाढवली की ही जागा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यातला विरोध वाढतो. सुरुवातीच्या टप्प्याला फारसे कळतही नाही, सॅगही जवळजवळ तोच राहतो. ज्याची केबल टाय क्वचित कधीतरीच टोकाला जाते त्याला स्प्रिंग बदलण्याची गरज नसते. पातळी पाच मिलिमीटरने, फार तर दहाने वाढवावी आणि पाहावे. अति केले तर दाब ऑइल सीलवर येतो, आणि गळणाऱ्या शॉकअपचे तेल डिस्क ब्रेकवर उतरले तर काय होते हे सांगायला नको.

एवढे सगळे खर्चायच्या आधी मागची कडी तपासावी. मागे दुसरा माणूस बसला आणि कडी पहिल्याच पायरीवर राहिली, तर मागची बाजू बसते, पुढची वर उचलली जाते, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आपला हेडलाइट जातो, गाडी वळणात बाहेर पळते. हे सगळे ‘पुढचे बिघडले’ असेच वाटते, आणि पुढे काहीच बिघडलेले नसते. एकट्यासाठी मागचा सॅग आधी लावावा, मग पुढचा मोजावा. मागे पायरी बदलली की पुढचे माप पुन्हा घ्यावे.

फोर्क कारखान्यात बनतात तेव्हा कुणाचे वजन धरून बनतात? वाळूजला मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स, चाकण आणि नाशिकला कारखाने असलेली गॅब्रिएल इंडिया अशा कंपन्या ते गाडीच्या कंपनीने मागितल्याप्रमाणे करून देतात. एकाच मॉडेलच्या लाखो गाड्यांत एकच स्प्रिंग जाते, तेव्हा कुणीतरी एक सरासरी माणूस मानावाच लागतो. युरोपच्या नियमांत स्वाराचे प्रमाण वजन ७५ किलो धरले आहे. त्याच्या आसपासचा माणूस हे प्रकरण मोजण्यापर्यंत वाचून थांबला तरी चालेल.

आणि ५० किलोची मुलगी? तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा १७ किलो. आपल्या हिशेबातल्या गाडीवर तिचा सॅग ३९ येतो, ६० किलोच्या स्वारापेक्षा दोन मिलिमीटर कमी. स्प्रिंगला हा फरक कळतही नाही. मागच्या शॉकअपची गोष्ट वेगळी, तिथे पहिली पायरी तिच्यासाठीच आहे. पण तिला पुढचे शॉकअप दगडासारखे वाटत असतील तर स्पेसर कापायची घाई नको. कुणी जाड तेल भरले आहे का ते विचारावे, ॲक्सल सैल करून पुन्हा आवळावा, आणि त्याहीआधी टायरमधली हवा पाहावी. पंपावरचा पोरगा पुढे-मागे एकच आकडा मारतो, आणि पुष्कळ गाड्यांना पुढे मागच्यापेक्षा कमी हवा लागते. तो आकडा चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, चिखलाखाली.